आण्याच्या पठारावर ओढलेला हँडब्रेक

आबा, एकाच गाडीचे ब्रेक आज मी तिसऱ्यांदा खोलले, आणि काय बिघडलंय ते कळल्यावर सगळ्यात आधी मला तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत तुमच्या आठवणीनं रडले, लोकांना तुमच्याबद्दल अभिमानानं सांगितलं, चाकणची नोकरी सोडून तुमचं बंद पडलेलं गॅरेज पुन्हा उघडलं. रागावले मात्र कधी नव्हते. गेलेल्या माणसावर रागावून पुढं करायचं काय, हे मला माहीत नाही, म्हणून कामाच्या वहीतली पानं फाडून लिहायला बसले आहे. हात दोनदा धुतले, तरी कागदाला काळं लागतंय.

गाडी पाहून तुम्ही हसला असता. पंचवीस वर्षांपूर्वीची, परदेशातून आलेली, दोनच माणसांची स्पोर्ट्‌स कार. छत कापडाचं आणि उंची इतकी कमी की शेजारी उभं राहिलं तर आपल्याला तिचा टप वरून दिसतो. पिंपरी पेंढारच्या रस्त्यावर ती आपल्या दारात उभी राहिली की टोमॅटोचे टेम्पो थांबतात. पहिल्याच दिवशी एका टेम्पोवाल्यानं वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "ताई, ह्यात क्रेट किती बसत्यात?" मी म्हटलं, एकही नाही. "मंग एवढी जोरात पळून करती काय?" उत्तर त्याचं त्यानंच शोधलं. "रिकामीच हाय म्हणून पळती," म्हणाला आणि गेला.

गाडीचे मालक नारायणगावच्या बाजारपेठेतले. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले आणि इथं दुकान टाकलं. आताची तिसरी पिढी घरात मारवाडी बोलते आणि गल्ल्यावर आपल्यापेक्षा पक्की इथली मराठी. माझ्याच वयाचे आहेत, पण सगळे शेठ म्हणतात म्हणून मीही शेठ म्हणते. वर्षातून दोनदा ते ही गाडी ट्रकवर चढवून दक्षिणेतल्या एका रेस ट्रॅकवर नेतात. तिथं हौशी लोकांना दिवसभर पळवू देतात. मागच्या खेपेला चौथ्या फेरीत पेडल मऊ पडत पडत तळाला गेलं आणि वळण सोडून ते मातीत उतरले. गाडीला काही झालं नाही, त्यांनाही काही झालं नाही. ही गोष्ट त्यांनी घरात सांगितली नाही, मला सांगितली. "ताई, पाय दाबला अन् खाली कायच नव्हतं." हे ऐकलं तेव्हाच मी ठरवलं की हे काम आपण घ्यायचं. असं काम पुण्यामुंबईतच होतं असं ज्यांना वाटतं, त्यांना ते जुन्नर तालुक्यातही मापात होतं हे दाखवायचं. मला अशा मोठ्या वाक्यांची सवय आहे, आबा. आपल्या घरात पहिली डिग्री माझी, आणि ती घेतल्यापासून मी अशीच बोलते.

शेठना मोठ्या डिस्क आणि त्यांना पॅडनं आवळणारे मोठे लाल कॅलिपर हवे होते. फोनवर चित्र शोधूनच आले होते. मी दोन दिवस वाद घातला. वहीत आकृती काढून सांगितलं की पुढचे ब्रेक एकदम मोठे केले तर मागच्यांशी त्यांचा मेळ बिघडेल, शिवाय चाकंही बदलावी लागतील. तुमचा ब्रेक लहान पडलेला नाही, त्यातलं ऑइल उकळलंय. आण्याचा घाट उतरून आलेला ट्रक आपल्या दारात थांबायचा, चाकांतून वास यायचा आणि ड्रायव्हर म्हणायचा की पेडल लागत नाही, तोच हा आजार. जुनं ऑइल हवेतलं पाणी पितं, तापलं की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेवर कितीही पाय दाबला तरी तो नुसता खाली जातो. म्हणून जास्त उष्णता सोसणारं ऑइल, चारही चाकांना ट्रॅकचे पॅड, रबरी होज काढून स्टीलची जाळी असलेले होज, पुढच्या डिस्क झिजल्यात त्या नव्या पण त्याच मापाच्या, आणि बंपरमधून थंड हवा थेट डिस्कवर नेणारे दोन पाइप. एवढंच करायचं, पण नीट करायचं. शेठनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी बाकी अवघड डॉक्टर आहात, राव. आमी ऑपरेशन मागतोय अन् तुमी पथ्य सांगताय. लाल तरी कराल का नाय?" मी म्हटलं, रंग मारून देते.

हे सगळं मी पुस्तकांतून शिकले. तुमच्याकडून नाही, आणि ते अजून मनाला लागतं. प्लग, कार्बोरेटर, क्लच, सगळ्यात तुम्ही मला हात घालू दिलात. ब्रेकच्या कामात मात्र माझी जागा एकच, सीटवर. मी सात वर्षांची असल्यापासून पेडल दाबत आले. तुम्ही चाकाखालून ओरडायचा, "दाब. धर. सोड," आणि लाइनीतली हवा निघेपर्यंत मी ते करत राहायचे. खाली काय चाललंय ते मला दिसायचं नाही. चौदा वर्षांची असताना एका दुपारी तुम्ही जेवायला घरी गेलात आणि मी एका टेम्पोचं मागचं ड्रम उघडलं. लायनर कसे बसलेत ते पाहायचं होतं, तुम्ही याल तेव्हा नवे लावून दाखवायचे होते. तुम्ही आलात, माझ्या हातातला पाना घेतलात आणि तीन गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "ब्रेकला हात लावायचा न्हाई. सांगून ठिवतो. घरी जा, अभ्यास कर." गिऱ्हाइकांतला एक जण हसला. मी मुलगी म्हणून तुम्ही असं म्हणालात, अशी माझी तेव्हा खात्री झाली. आजही कधी वाटतं, कधी वाटत नाही. विचारायची सोय तुम्ही ठेवली नाहीत. पुन्हा वर दहावीच्या निकालाला मला दहा-अकराचा रिंग पाना दिलात, म्हणजे ब्रेकची हवा काढायच्या निपलला लागतो नेमका तोच. एक शब्द बोलला नाहीत. तो पाना मी आजही वापरते, आणि दर वेळी हाच प्रश्न पडतो की तो ब्रेकचा म्हणून दिलात, की दुकानात त्या दिवशी तोच होता म्हणून.

आता सीटवर आई असते. शेठच्या गाडीत बसताना तिला आधी खाली बसल्यासारखं आणि मग लोटून दिल्यासारखं वाटलं. पदर खोचून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ती बसली आणि मी खालून म्हटलं, दाब. ती दाबत राहिली. "आगं किती दाबू? शिलाई मशिन हाय का ही?" मी म्हटलं, धर. "धरलंय. तुझं आबा बी असंच हुकूम सोडायचं. त्येंना निदान जेवायला तरी वेळेवर लागायचं." हवा निघाली, पेडल दगडासारखं घट्ट झालं, आणि आई उतरता येईना म्हणून हसत तशीच बसून राहिली. त्या दिवशी मी खूश होते. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढं सगळी चिडचिडच आहे.

ब्रेक केल्यावर पहिली चक्कर ज्यानं काम केलं त्यानं एकट्यानं मारायची, हा तुमचा नियम. तो मी तळेघरला पाहिला होता. मी अकराची असेन. त्या बाजूला बस दिवसातून एखादी, म्हणून लोक वडापच्या जीपवर, आणि जीपची ब्रेकची नळी उतारावर फुटलेली. तुम्ही मला मोटरसायकलवर मागं बसवून नेलंत, मला वाटतं पेडल दाबायलाच. नळी जोडली, हवा काढली. तांदळाची गाठोडी घेऊन घोडेगावच्या बाजाराला निघालेली माणसं सकाळपासून ताटकळलेली, ती लगेच चढायला लागली आणि तुम्ही सगळ्यांना खाली उतरवलंत. एक आजी तुमच्यावर भडकली. "आरं बाबा, तू नीट केलंय म्हंतोस, मंग बसू का देत न्हाईस?" तुम्ही म्हणालात, "आजी, नीट झालंय का ते मला बी अजून ठावं न्हाई." आणि एकटे जीप घेऊन उतारावरून दिसेनासे झालात. मी त्या माणसांत उभी. आजी म्हणतेय, ह्याला काम येतं का न्हाई? मला लाज वाटतेय. मग जीप घरघरत वर येते, उतारावरच थांबते, तुम्ही हँडब्रेक ओढता, मला खूण करता आणि मी पळत जाऊन मागच्या चाकाला दगड लावते. ते माझं काम. "गाडी थांबली की आधी हँडब्रेक, मंग दगड, मंग बोलायचं." तोंडातून शब्द काढायच्या आधी हे दोन्ही झालंच पाहिजे. का, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर, "हाताला कळू दे. त्वांड नंतर शिकंल."

तर नियमाप्रमाणे शेठच्या गाडीची पहिली चक्कर मी मारली. ट्रॅकचे पॅड नुसते लावून चालत नाहीत, ते डिस्कवर बसवावे लागतात. म्हणजे वेग घ्यायचा, जोरात दाबून वेग कमी करायचा, पण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा. त्यानं पॅडचा एक पातळ थर डिस्कवर सारखा पसरतो. मग ब्रेक न लावता दहा-पंधरा मिनिटं हळू चालवून सगळं थंड करायचं. तापलेला पॅड एका जागी दाबून धरायचा नाही, ही त्यातली सगळ्यात मोठी अट. मला पाठ होती. सकाळी सातला आण्याचा घाट चढून पठारावर गेले. रस्ता सरळ, मोकळा, दोन्हीकडं कापलेली रानं. दहा वेळा दाबले, दहाही वेळा गाडीनं ऐकलं. ब्रेकचा वास यायला लागला तसं मनात म्हटलं, आता थंड करत न्यायची. आणि पुढच्या चढावर सगळा रस्ता मेंढरांनी भरलेला.

थांबले. चढ होता. हँडब्रेक ओढला, उतरले, कडेचा दगड उचलून मागच्या चाकाला लावला आणि मग धनगराच्या बाईशी बोलले. अगदी तुमच्या क्रमानं. ती म्हणाली, "बाई, एवढी बुटकी गाडी घिऊन मधी कशाला आलीस? माझा बकरा वरून उडी टाकंल." आम्ही दोघी हसलो. मेंढरं सात-आठ मिनिटं जात होती. तेवढा वेळ हँडब्रेकमुळं मागचे तापलेले पॅड डिस्कला घट्ट चिकटून राहिले, आणि मी त्यांच्याकडं पाठ करून उभी होते, काम छान झालं म्हणून.

खाली येताना ब्रेक लावला की पेडल थरथरायला लागलं. शेठनी चालवून पाहिली, त्यांनाही जाणवलं. पंधरा दिवसांनी गाडी ट्रकवर चढवायची होती. पहिल्यांदा मी हवा राहिली असेल म्हणून सगळं ऑइल पुन्हा काढलं. काही फरक नाही. दुसऱ्यांदा पुढची चाकं खोलली, कारण सत्तर टक्के ब्रेक पुढं लागतो असं शिकलेले आहे, आणि डिस्क तर नव्या. डिस्कचा वाकडेपणा मोजणारा डायल गेज लावला, काटा जरासा हलला. चालवून घेता येईल इतकाच हलला होता, पण मला दोष पुढच्या डिस्कमध्येच हवा होता, म्हणून तो मला तिथं दिसला.

ज्या दुकानातून डिस्क घेतल्या तिथं फोन केला. पुण्यात आहे. काउंटरवर एक वयस्क काका असतात, माल तेच तपासून बांधतात. ते शांतपणे म्हणाले, "ताई, दोन्ही डिस्क मी स्वतः गेज लावून पाठवल्यात. एकदा मागची चाकं बघता का?" आणि मी म्हटलं, "काका, तुमचं तपासणं मला सांगू नका. मी इंजिनिअर आहे." मग फोन मालकाला द्यायला सांगितलं. मालकानं फोन हातात असतानाच त्यांना झापलं, मला सगळं ऐकू येत होतं. "इतकी वर्षं झाली तुम्हाला, एक डिस्क बघता येत नाही? उद्यापासून पाठवायचा माल दुसरा कुणी बघेल." मी फोन ठेवला आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. नवी जोडी दोन दिवसांत आली. लावली. थरथर तशीच.

आज सकाळी मागची चाकं काढली. दोन्ही डिस्कवर पॅडच्या आकाराचा काळपट डाग, कडा इतक्या स्वच्छ की पेन्सिलनं काढल्यासारखा. दोन्हीकडं नेमका तसाच; तिथं थर जाड बसलेला, म्हणून प्रत्येक फेरीला पॅड अडखळत होता. कधी बसला असेल ते आठवायला मला वेळ लागला नाही. मी तिथंच टायरवर बसले. चार वर्षं कॉलेज, पाच वर्षं कंपनी, पुस्तकात त्या ओळीखाली मीच रेघ मारलेली, आणि मेंढरं दिसल्यावर माझा हात कुणाला न विचारता तुमच्याकडं गेला. तुमचा नियम वाईट नव्हता. तांदूळ नेणाऱ्या जीपला, आण्याच्या घाटातल्या ट्रकला तो बरोबरच होता. पण कारणासकट दिला असतात तर तो कुठं लावायचा नाही हे मला कळलं असतं. हाताला शिकवलंत आणि तोंडाचं तसंच ठेवून गेलात. आणि ब्रेकला हात लावू नको म्हणालात, आबा, पण हँडब्रेक ओढायला मला कुणी शिकवलं?

एमरी पेपरनं डाग घासले, पॅडही घासले. दुपारी पुन्हा पठारावर गेले, पुन्हा दहा वेळा दाबले, आणि या वेळी न थांबता घाटाखालच्या बेल्ह्यापर्यंत हळू आणली. थरथर नाही. पेडल घट्ट. मग शेठना बोलावलं आणि जे झालं ते उभ्या उभ्या सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी नुसता गाडीच्या टपावर हात ठेवला.

"म्हंजे डिस्क चांगल्या व्हत्या?"

"पहिल्यापासून."

"अन् मी त्या दुकानाचं आमच्या ग्रुपवर लिहिलंय, ताई. वाकड्या डिस्क विकतात म्हणून. तीनशे लोक हायेत त्यात."

मी म्हटलं, ते काढून टाका, चूक माझी होती असं लिहा, माझं नाव घालून लिहा. ते म्हणाले, "लिहितो की. पण आधी तुमी त्या काकांना फोन करा. त्यांना ग्रुपवरनं कळायला नको. तुमी सांगितलंत की मला कळवा, पुढच्या मिनिटाला टाकतो." मग गाडीत बसले, चावी फिरवायच्या आधी थांबले. "ब्रेक नीट हाय ना आता?" मी हो म्हणणार होते. म्हटलं, मी चालवून पाहिलंय, तुम्ही पण सावकाश पाहा, ट्रॅकवर पहिल्या दोन फेऱ्या जोर करू नका, आणि उतरल्यावर हँडब्रेक ओढू नका. "मंग गाडी सरकंल ना?" म्हणाले. गियरमध्ये ठेवा म्हटलं. त्यांनी लाल कॅलिपरकडं एकदा वाकून पाहिलं आणि नारायणगावकडं गेले. रंग चांगला बसलाय, तेवढं खरं.

आता सव्वासहा वाजलेत. आई विचारून गेली, काय लिहिती एवढं, बिल का? मी म्हटलं, हो. हे कागद कुठं जायचे नाहीत, वहीतच राहतील, त्यांच्यावर तेलाचे डाग पडतील. तुम्हाला चार पानं लिहून झाली आणि त्या सगळ्यात एक गोष्ट लिहायची टाळत आले आहे. पुण्याचं दुकान आठपर्यंत उघडं असतं. शेठ गेल्यावर मी फोन लावला होता. मालक नव्हते, काकांनीच उचलला. माझा नंबर त्यांनी ओळखला असणार, कारण म्हणाले, "बोला ताई, नवी जोडी नीट बसली का?" मी म्हटलं, काका, आवाज तुटतोय, रेंज नाही, नंतर करते.

रेंज चांगली होती, आबा.